पाप पदरी घ्यायचं, पण कुणापुढे?

मार्च महिना, जालन्याचं ऊन आणि आमच्या गच्चीवर कुरडयांचा घाट. आई सोऱ्या फिरवत होती, आत्या ओल्या धोतरावर पडणाऱ्या कुरडया मोजत होती, शेजारच्या काकू चिकाचं पातेलं सांभाळत होत्या. मध्येच काकूंनी विचारलं, "का हो, तुमच्यात म्हणे फादरच्या कानात सांगितलं की पाप फिटतंय. खरंय का?"

आई म्हणाली, "सांगावंच लागतं." त्याच दमात आत्या म्हणाली, "काही सांगावं लागत नाही."

काकूंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "अवो, तुमचा देव एकच हाय ना?"

देव एकच आहे, चर्च दोन आहेत. आई कॅथलिक, तिचं माहेर गंगापूरकडचं. आत्या आणि वडिलांकडचे आम्ही सगळे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे सीएनआयचे, प्रोटेस्टंट. मी दोन्हीकडे वाढले. एरवीचे रविवार एका चर्चमध्ये, आजोळी गेलं की दुसऱ्यात. काकूंचा प्रश्न त्यामुळे मला लहानपणापासून पडलेला आहे, आणि त्याचं सगळं उत्तर एका बैठकीत मला कुणी दिलं नाही. ते आज लिहून काढते.

काकूंच्या वाक्यातला 'फादरला सांगितलं की फिटतं' हा भाग आधी दुरुस्त करू. ही समजूत बाहेरच्यांचीच असते असं नाही, खुद्द ख्रिस्ती घरांतही ती ऐकू येते. पापांची क्षमा देव करतो, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात तसूभरही मतभेद नाही. मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या एका माणसाला चौघं जण छप्पर उसकटून येशूसमोर खाली सोडतात. येशू त्याला म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथे बसलेले शास्त्री मनातल्या मनात चिडतात, की एका देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यांचं हे तत्त्व येशू खोडत नाही, कुठलंच चर्च खोडत नाही. वाद आहे तो पुढचा. देवाची क्षमा माणसापर्यंत पोचते कशी? थेट, की देवाने नेमलेल्या माणसाच्या तोंडून?

या वादाचं मूळ योहानच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायात आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी शिष्य भीतीने दारं लावून बसलेत. येशू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहतो, त्यांच्यावर फुंकर घालतो आणि सांगतो की ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा झाली, ज्यांची राखाल त्यांची राखली गेली. कॅथलिक म्हणतात, क्षमा करायची की राखायची हे ठरवायचं तर आधी ऐकून घ्यावं लागणार, आणि ऐकून घ्यायचं तर समोरच्याने सांगावं लागणार. हा अधिकार शिष्यांकडून बिशपांकडे आणि बिशपांकडून धर्मगुरूंकडे आला, म्हणून धर्मगुरू ख्रिस्ताच्या वतीने बोलतो. प्रोटेस्टंट याच वचनाचा अर्थ वेगळा लावतात. येशूने शिष्यांना सुवार्ता सांगायचं काम दिलं. जो विश्वास ठेवील त्याला 'तुला क्षमा झाली' असं सांगायचं, आणि हे काम एकट्या पाद्र्याचं नाही, सगळ्या मंडळीचं आहे. मला विचाराल तर दोन्ही अर्थ त्या वचनातून ओढूनताणून काढलेले नाहीत. म्हणूनच तर हा वाद पाचशे वर्षं टिकला.

आता आईचं "सांगावंच लागतं" कितपत खरं, ते बघू.

कॅथलिक चर्चमध्ये याला पापनिवेदन म्हणतात, किंवा समेटाचा संस्कार. वसईकडच्या लोकांच्या तोंडी पोर्तुगीजांकडून आलेला 'कुमसार' आहे. आमच्याकडे सरळ 'कन्फेशन'. आजीबरोबर मी शनिवारी संध्याकाळी जायचे. आजी चपला बाहेर काढायची, मागच्या बाकावर बसून दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटायची. तेव्हा मला वाटायचं तिला डुलकी लागली. ती मन तपासत असायची. त्या संस्काराची सुरुवात तिथूनच होते. मग पदर डोक्यावर घेऊन ती जाळीशी गुडघे टेकायची. लाकडाची साधी जाळी, वरच्या कडेला हात लागून लागून गुळगुळीत झालेली. पलीकडे फादर कान लावून बसलेले. आशीर्वाद मागायचा, मागच्या वेळेला येऊन किती दिवस झाले ते सांगायचं, मग आपलं काय चुकलं ते. फादर एखादा प्रश्न विचारतात, चार शब्द सांगतात, प्रायश्चित्त म्हणून एखादी प्रार्थना किंवा काम देतात, आणि शेवटी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पापमुक्तीचे शब्द उच्चारतात. सगळं मिळून पाच मिनिटं. आजी उठताना जाळीला धरून उठायची, गुडघे दुखायचे तिचे.

चर्चचा नियम मात्र लोक समजतात तेवढा सरसकट नाही. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ठरवलं की समज आलेल्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा निवेदन करावं. आजचा चर्चचा कायदाही वर्षातून एकदाच म्हणतो, तेही गंभीर पापांबद्दल. गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब मुळात मोठी असावी, ती चूक आहे याची पुरती जाणीव असावी आणि ती राजीखुशीने केलेली असावी. तिन्हीतली एक जरी नसली तरी हिशोब बदलतो. पोरांवर तडकणं, शेजारणीची चहाडी असल्या रोजच्या चुका फादरला सांगाव्यात अशी शिफारस आहे, सक्ती नाही. गंभीर पाप मनावर असेल तर मात्र निवेदन केल्याशिवाय मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, मिळणारा ख्रिस्तप्रसाद घेऊ नये, आणि कॅथलिक माणसाला खरा टोचतो तो हा नियम. मिस्सेत सगळे रांगेने पुढे जातात आणि एक जण बाकावर बसून राहतो, तेव्हा आख्ख्या गावाला कळतं.

आणि फादर मिळालाच नाही तर? हा प्रश्न मराठवाड्यात पुस्तकी नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली माणसं उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांत, साखर कारखान्यांच्या फडात असतात, कोपीत राहतात, गाडी भरायला मध्यरात्री उठतात. त्यांना शनिवारची जाळी कुठून मिळणार? चर्चची शिकवण अशी की देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप झाला आणि जमेल तेव्हा लवकरात लवकर निवेदन करायचा निश्चय असला, तर गंभीर पापाचीही क्षमा त्याच क्षणी होते. 2020 मध्ये कोरोनाने चर्चची दारं बंद झाली, तेव्हा 20 मार्चच्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी हेच सांगितलं: फादर सापडत नसेल तर देवाशी बोल, तो तुझा बाप आहे, त्याला खरं ते सांग, निवेदन नंतर कर. म्हणजे आईचं "सांगावंच लागतं" तिच्या चर्चच्या नियमाला धरून आहे, फक्त त्यातल्या 'च'ला चर्चनेच खिडक्या ठेवल्या आहेत.

आता आत्या. तिने त्या दिवशी गच्चीवर बोट वर करून पाठ म्हणून दाखवला: देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ, ख्रिस्त येशू. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं हे वचन प्रोटेस्टंट घरात पोरांना तोंडपाठ असतं. दुसरं योहानच्या पहिल्या पत्रातलं, आणि ते मराठीत फार सुंदर उतरलंय. आपण आपली पापं 'पदरी घेतली' तर देव विश्वसनीय आणि न्यायी आहे, तो क्षमा करील. कबूल करणं, मान्य करणं असे शब्द हाताशी असताना आपल्या पवित्र शास्त्राने पदरी घेणं निवडलं. 'चूक झाली' म्हणणं वेगळं आणि ती उचलून आपल्या पदरात घालून घेणं वेगळं. कुणाच्या पदरात टाकायची नाही, परिस्थितीच्याही नाही. हे पदरी घेणं देवासमोर आहे, त्याला जाळी लागत नाही, असं आत्याचं म्हणणं.

पण तिच्याच बाजूच्या जुन्या माणसांनी काय केलं, ते तिलाही मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथर भांडला तो पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या दंडमाफीच्या पत्रांविरुद्ध, आणि पुढे प्रत्येक पाप मोजून सांगितलंच पाहिजे या धाकाविरुद्ध. तरुणपणी मठात तो स्वतः तासन्‌तास निवेदन करायचा, बाहेर पडला की काही राहून गेलं म्हणून परत जायचा. त्या भीतीतून तो सुटला, तरी निवेदन त्याने सोडलं नाही. 1529 च्या त्याच्या लहान प्रश्नोत्तरीत पाळकापुढे पाप कसं सांगावं याचा नमुना दिलेला आहे. जिनिव्हाचा जॉन कॅल्विन जास्त कडक. पापनिवेदन हा संस्कार आहे आणि ते सक्तीचं आहे, या दोन्ही गोष्टी त्याने साफ नाकारल्या. तरी ज्याचं मन एकट्याने शांत होत नाही त्याने आपल्या पाळकाकडे खुशाल जावं, असं तोही म्हणतो. अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, 1662 च्या प्रार्थनापुस्तकात आजाऱ्याच्या भेटीच्या वेळी मनावर ओझं असेल तर ते सांगावं आणि पाद्रीसाहेबांनी पापमुक्तीचे शब्द म्हणावेत, अशी सोय आहे. 'सगळ्यांना मुभा, काहींना गरज, कुणालाच सक्ती नाही' असं अँग्लिकन लोक याबद्दल म्हणतात. 1970 मध्ये नागपुरात जी चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झालं, त्यांत अँग्लिकनही होते आणि कॅल्विनच्या वळणाचेही. तेव्हा आत्याचं "काही लागत नाही" हे सक्तीपुरतं बरोबर आहे. प्रोटेस्टंटाने पाळकापुढे मन मोकळं करायचंच नाही असा त्याचा अर्थ यांतल्या कुठल्याही जुन्या पानावर सापडत नाही.

आमच्याकडे रविवारी उपासनेत सगळी मंडळी एका आवाजात पापाची कबुली देते आणि पाळक क्षमेचं वचन सांगतात. कॅथलिक मिस्सेच्या सुरुवातीलाही सगळे मिळून कबुली देतात, विचाराने, शब्दाने, कृतीने आणि करायचं ते न केल्याने झालेल्या पापांची. दोन्हीकडे मी हे म्हटलंय. खरं सांगायचं तर चारशे लोकांबरोबर 'आम्ही पाप केलं' म्हणणं सोपं जातं. त्यात माझं नेमकं पाप कोणतं, हे मलाही विचारावं लागत नाही.

इथे मराठवाड्याच्या इतिहासातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन, आणि प्रेस्बिटेरियन विचार आला कॅल्विनच्या जिनिव्हातून. तिकडे घोगरगावच्या बाजूला खेड्यापाड्यांत काम केलं ते सेंट फ्रान्सिस द सेल्सच्या नावाने चालणाऱ्या संघाच्या फादरांनी. हे सेंट फ्रान्सिस कोण? जिनिव्हाचेच कॅथलिक बिशप! शहर कॅल्विनच्या अनुयायांच्या हाती गेलेलं, म्हणून त्यांना जिनिव्हात राहता आलं नाही. शेजारच्या आनसी गावातून त्यांनी कारभार पाहिला. म्हणजे युरोपातल्या एका शहराच्या भिंतीच्या आत आणि बाहेर चाललेला वाद तीनशे वर्षांनी गोदावरीच्या खोऱ्यात शेजारी-शेजारी नांदायला आला, आणि आमच्या घरात तर एका चुलीवर जेवला. हे बिशप निवेदन ऐकण्यात नावाजलेले. त्यांचा सल्ला मला दोन्ही चर्चना उपयोगी वाटतो: 'मी देवावर पुरेसं प्रेम केलं नाही' असलं मोघम सांगू नका, जगातला कुठलाही संतसुद्धा हेच म्हणेल, काय केलं, कशापायी केलं, ते नेमकं सांगा.

जाळी कधी आली, हेही माहीत असावं, कारण ती येशूच्या काळापासून आहे असं पुष्कळांना वाटतं. सुरुवातीच्या शतकांत खून, व्यभिचार, छळाला भिऊन श्रद्धा नाकारणं असल्या मोठ्या पापांसाठी उघड प्रायश्चित्त असे. माणूस कित्येक वर्षं प्रायश्चित्त घेणाऱ्यांत वेगळा उभा राही, आणि अशी संधी आयुष्यात एकदाच. खासगीत, पुन्हा पुन्हा, एका धर्मगुरूपुढे सांगायची रीत सहाव्या शतकाच्या सुमारास आयर्लंडच्या मठवासीयांकडून पसरली. जाळीची पेटी त्याहून कितीतरी उशिरा, सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्यामुळे रुळली. निवेदन करणारी बाई आणि ऐकणारा फादर यांच्यामध्ये आडोसा असावा आणि दोघंही चारचौघांच्या नजरेच्या टप्प्यात राहावेत, हा त्यामागचा हेतू.

हा हेतू आठवावा असं पुढे आपल्या देशातच घडलं. 2018 मध्ये केरळात एका बाईने निवेदनात सांगितलेल्या गोष्टींचा धाक दाखवून तिचं शोषण केल्याचा आरोप काही धर्मगुरूंवर झाला. ते चर्च कॅथलिक नव्हतं, मलंकरा ऑर्थोडॉक्स होतं. त्यानंतर राष्ट्रीय महिला आयोगाने निवेदनाची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली आणि चर्चेसनी तिला विरोध केला. प्रथा बंद करावी असं मला वाटत नाही. पण हा विषय काढला की आपल्यातले लोक गप्प होतात, ते मला पटत नाही. कॅथलिक नियम इथे अतिशय कडक आहे: निवेदनात ऐकलेलं फादरने जिवावर बेतलं तरी फोडायचं नाही, थेट फोडलं तर तो त्या क्षणी बहिष्कृत होतो, वेगळा हुकूम निघावा लागत नाही. ऐकलेलं वापरून सांगणाऱ्याला अडचणीत आणायलाही बंदी आहे. हे प्रत्येक मुलीला पहिल्या निवेदनाच्या वर्गातच सांगायला हवं. जाळीआड कुणी नको ते विचारलं तर उठून निघून यायचं आणि घरी सांगायचं, हेही. गुपित पाळायचं बंधन फादरवर आहे, सांगणाऱ्यावर नाही.

काकूंच्या प्रश्नात दडलेली दुसरी शंका अजून राहिली. सांगितलं की मोकळे, मग पुन्हा करायला मोकळे? याचं उत्तर माझ्या मामाने मला दिलं, शास्त्र न उघडता.

मामाची गंगापूरकडे कोरडवाहू जमीन, कापूस आणि तूर. शेजारी एक माळकरी आजोबा. मामाने वर्षानुवर्षं नांगरटीला एकेक तास पलीकडे टाकून त्यांचा बांध कोरला होता. आपल्याकडे हे किती घरांत चालतं ते सांगायला नको. सख्खे भाऊ बांधापायी कोर्टात जातात. एका गुड फ्रायडेच्या आधी तो निवेदनाला गेला आणि शेवटी, उठता उठता, बांधाचं बोलून गेला. पुढचं त्याने स्वतःच आम्हाला जेवताना सांगितलं. फादरने विचारलं, किती? मामा म्हणाला, असंल दोन फूट. फादर म्हणाले, "मग ते परत दे. प्रार्थना त्यानंतर सांगतो."

चर्चची शिकवण अगदी हीच आहे. पापमुक्तीने पाप जातं, पण पापाने केलेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेलं परत करावं लागतं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव सावरावं लागतं. यात आत्याच्या चर्चचंही दुमत नाही. जक्कय जकातदाराने येशूसमोर उभं राहून अन्यायाने घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, ते दोन्हीकडच्या संडे स्कूलमध्ये शिकवतात. डोंगरावरच्या प्रवचनात तर येशू म्हणतो, वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलंय की आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा. एकमेकांजवळ! या शब्दापुढे आत्याचं 'मी आणि माझा देव' थोडं अपुरं पडतं, आणि 'फादरला सांगितलं ना, झालं' म्हणणारी माझी मावशीही. काकूंना मी शेवटी एवढंच सांगितलं की आईला तिच्या चर्चच्या नियमाने गंभीर पाप फादरला सांगावं लागतं, आत्याला लागत नाही. पण ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात दोघींनाही जावं लागतं. काकू म्हणाल्या, "मंग ते तर आमालाबी लागतंय की."

मामा निवेदनानंतरच्या सोमवारी गेला. बरोबर टेप, चुन्याची पिशवी आणि कुदळ. आजोबा लिंबाखाली बसले होते. मामाने जुनी खूण शोधली, टेप धरला, चुन्याची रेघ मारली आणि दगड उपटून दोन फूट आपल्या बाजूला रोवला. आजोबा काठी टेकत रेघेपर्यंत आले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कोर्टाचा कागद आला का काय तुला?"

मामा म्हणाला, "नाही, बाबा. हे माझ्याच पदरातलं आहे." आजोबांनी लिंबाखालचा तांब्या त्याच्यापुढे केला आणि टेपचं दुसरं टोक स्वतः हातात धरून दुसऱ्या दगडाकडे चालायला लागले.